सुट्टीत आजीबरोबर इटालियन स्वयंपाकाचा क्लास

‘परदेशातून महिनाभर मुंबईत येऊन सासूबाई आणि मुलांबरोबर इटालियन स्वयंपाक शिकायचा, ही उलटी गंगा नाही का?’ असं तुम्ही विचारलंय. सासूबाई दादरला, शाकाहारी, अंड्यालाही हात न लावणाऱ्या. मुलं तिकडे वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतून. दुपारी जेवणं झाली की जो तो आपल्या मोबाईलवर.

खुशाल जा. पुरणपोळी शिकायला बसवलंत तर आजी तपासनीस होतात आणि नातवंडं कंटाळतात. इथे सगळेच नवशिके, अगदी तुम्हीसुद्धा.

फक्त जाहिरातीत ‘इटालियन’ दिसलं की लगेच पैसे भरू नका. आधी फोन करून विचारा, पास्ता कुठला? इटलीच्या उत्तरेकडे, बोलोन्याच्या भागात ताजा पास्ता अंड्याचा असतो, साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. दक्षिणेला पुलियात मात्र ड्युरम गव्हाचा रवा आणि कोमट पाणी, बस्स. त्याचा ‘ओरेक्किएत्ते’ नावाचा पास्ता शिकवणारा क्लास मिळाला तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला. पिठाची बोटाएवढी जाड वळी करायची, हरभऱ्याएवढे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा बोथट सुरीने दाबत आपल्याकडे ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. कानाच्या पाळीसारखी वाटी तयार होते. पुलियातल्या बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका आजही दारात बसून हे करतात. सासूबाईंनी कधी लग्नघरात गव्हले वळले असतील, तर त्यांचा हात शिकवणाऱ्याच्याही आधी बसेल. मग मुलं आपसूकच त्यांच्या शेजारी सरकतील. बघाच.

दुसरा प्रश्न चीजचा. अस्सल पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ असतो, तो तिथला नियमच आहे. हे क्लासमध्ये गेल्यावर कळलं तर सासूबाई ताटावरून उठतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं चीज वापरा, असं आधीच सांगून ठेवा. तुम्ही श्रावणात येणार असाल तर लसणाचंही बोलून घ्या. टोमॅटो, बेसिल आणि ऑलिव्ह तेलाचा सॉस लसणाशिवायही छान लागतो.

बाकीच्या चौकश्या किरकोळ, पण सोडू नका. प्रत्येकाच्या हातात पीठ देतात, की ओट्याभोवती उभं करून नुसतं दाखवतात? बसायला खुर्ची आहे का? क्लास कुलाब्यात असेल तर दादरहून जाऊन-येऊन ज्येष्ठांचा जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा घरी येऊन शिकवणारं कोणी मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि विमानातून उतरल्या उतरल्या पहिल्या दोन-तीन दिवसांतली तारीख नको, जेट लॅगमुळे मुलं चार वाजताच पेंगतात.

शिकवणं बहुतेक इंग्रजीतच होईल. तिथे तुम्ही दुभाषी होऊ नका, हे मात्र माझं आग्रहाचं सांगणं. आजीला काय सांगितलं ते मुलांनाच सांगू द्या. ‘पीठ झाकून अर्धा तास ठेवायचं’ एवढं मराठीतून सांगतानाही ती अडखळतील, आजी हसतील, हसू देत. मुलांचं वाक्य लगेच दुरुस्त करायला धावू नका.

घरी परत करून बघायचं तर बारीक बन्सी रवा घ्या, तो ड्युरमचाच. रव्याच्या वजनाच्या निम्मं पाणी पुरतं, पावसाळ्यात हवा दमट म्हणून थोडं कमीच घालायचं. तिकडे परतल्यावर ड्युरमचा रवा इटालियन दुकानात सहज मिळेल, तेव्हा एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडे एकदमच पीठ मळा. वेळ आजींच्या सोयीने ठरवा, तुमच्या नव्हे. पास्ता मशीन मात्र घेऊ नका, ओरेक्किएत्तेला ते लागतच नाही.