खडूस नव्हे, खुडूक! आणि अंडी 'उबली' तर नाक धरा

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. बंगल्याच्या मागच्या अंगणात बँटम, म्हणजे ठेंगण्या कोंबड्या पाळल्यात, त्यातली एक अंड्यांवर ठाण मांडून बसलीय, जवळ गेलं की अंग फुलवून चोच मारते. नवरा म्हणतो 'ती अंडी उगवतेय', शेजारचे काका म्हणतात 'खडूस बसलीय', आणि लेक विचारते की पिल्लं बाहेर आली की 'अंडी उबली' म्हणायचं का. यातलं बरोबर काय, आणि इंग्रजीत अशा अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला 'ब्रूडी' म्हणतात, त्याला मराठीत काही शब्द आहे का?

'उगवतेय' आधी निकालात काढू. उगवतो सूर्य, उगवतं बी, आणि फारच मनात असेल तर माणूस सूड उगवतो. अंडी नाही.

'खडूस'चा मात्र मला मनापासून वैताग आलाय. कोंबडीपालनाचे व्हिडिओ करणारी पोरं बिनदिक्कत 'आपली कोंबडी खडूस झालीय' म्हणतात आणि खाली लोक विचारतात, खडूस कोंबडीला खायला काय द्यावं. अरे खडूस घरमालक असतो, खडूस बँकेतला तो खिडकीवरचा माणूस असतो. कोंबडी खुडूक असते. खुडूक होते, खुडूक बसते. तेव्हा ताई, तुमच्या ब्रूडीला मराठी शब्द आहे, चांगला ठसठशीत आहे, खेड्यात अजून रोजच्या तोंडात आहे, फक्त शहरात आपण त्याला ऐकू न आल्यासारखं करतो. कोकणाकडे 'रवणाला बसवली' असंही ऐकाल पण तो वेगळा विषय, त्यात शिरलो तर आज जेवण नाही.

आता या खुडूकचा अर्थ. जुन्या कोशांत साधारण असं सापडतं की खुडूक म्हणजे अंडी द्यायची बंद झालेली कोंबडी, आणि मग पुढच्या सगळ्यांनी तेच उतरवून घेतलंय. माझं यावर जुनं भांडण आहे. ही व्याख्या ऑम्लेट खाणाऱ्याने केलीय! त्याच्या दृष्टीने घडलं काय, तर अंडी बंद झाली, बास. कोंबडीच्या बाजूने पाहिलं तर बंद काहीच झालेलं नाही, उलट मोठं काम सुरू झालंय. तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्याने नवीन अंडी थांबतात, पोटाखालची पिसं झडून उघडी कातडी अंड्याला टेकते, आणि बाई दिवसातून एकदा पंधरावीस मिनिटं दाणापाणी आणि बाकीचा कार्यक्रम उरकायला उठते तेवढंच. बाकी सगळा वेळ बसून अंडी चोचीने फिरवत राहते. म्हातारी झाल्यावरही कोंबडी अंडी द्यायची बंद होतेच की, तिला कुणी खुडूक म्हणतं का? नाही म्हणत. मग व्याख्या चुकलीच ना? अंडी उबवायला बसलेली किंवा बसू पाहणारी ती खुडूक, अंडी बंद होणं हा तिचा परिणाम. पण कोशवाल्यांना कोण सांगणार. आणि ही खाणाऱ्याची नजर नुसती कोशात नाही, व्यवहारात पण आहे, खुडूकपणा मोडायला कोंबडीला गार पाण्यात बुडवा, नाकात पीस खुपसा असले अघोरी उपाय लोकांनी केलेत ते त्याच हिशोबातून.

शब्द मरतोय का, असं एकाने मागे विचारलं होतं. मरतोय, कारण कोंबडीच बदलली. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जाती वाढवताना खुडूक बसणाऱ्या माद्या माणसाने पिढ्यान् पिढ्या बाजूला काढल्या, उबवायचं काम यंत्राकडे दिलं. पुणं तर पोल्ट्रीचं मोठं ठिकाण, इथे रोज ढीगभर अंडी खाल्ली जातात आणि त्या अंड्यांची आई खुडूक बसणं म्हणजे काय हे जन्मात जाणत नाही. म्हणून ताईंची बँटम मला भाषेच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटते, या बुटक्या कोंबड्या हौसेने खुडूक बसतात.

आता हा शब्द आला कुठून? एक विद्वान गृहस्थ आहेत, नाव नको, ते ठासून सांगतात की 'खुडणे'वरून, म्हणजे कोंबडी अंग खुडून बसते म्हणून. अहो भाजी खुडतात, नखं खुडतात, अंग आखडतात! आणि खुडूक बसलेली कोंबडी अंग आखडत नाही, पसरते, पंख सैल सोडून थाळीएवढी होते, एकदा बघून तरी यायचं. दुसरा पक्ष फारसीवाला. इराणात खुडूक कोंबडीला कुर्च म्हणतात, हिंदी-उर्दूत कुड़क आहे, झालं, आला शब्द घोड्यावर बसून इराणहून, आपल्याकडे काहीही आलं की ते फारसीतूनच. बरं मग तुर्कीत गुर्क आहे त्याचं काय? जर्मन माणूस अशा कोंबडीला ग्लुके म्हणतो. स्कॉटलंडचा शेतकरी क्लॉकिंग हेन म्हणतो. हे सगळे पण फारसी शिकायला गेले होते का? माझं ठाम मत आहे की इथे कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, सगळ्यांनी कोंबडी ऐकली. खुडूक कोंबडी नेहमीसारखी कॉक् कॉक् करत नाही, ती घशातून तुटक, बुटका, एकसुरी आवाज काढते, कुडुक कुडुक असा, आणि पुढे पिल्लांना बोलावतानाही त्याच जातीचा आवाज. इराणी कानाला तो कुर्च वाटला, जर्मन कानाला ग्लुक, आपल्या कानाला खुडूक. आता 'क'चा 'ख' का झाला म्हणून कुणीतरी विचारेलच, तर कोंबडीला विचारा, तिच्या घशात खरखर असते.

पण मला खरं ज्याच्यावर बोलायचंय ते उबवणे. उबवणे हे 'ऊब'पासून, हे शाळेतलं पोरही सांगेल. ऊब कुठून? संस्कृत ऊष्मन्, म्हणजे उष्णता, त्यातून. इथे लोक थांबतात आणि मला वाटतं खरी मजा पुढेच आहे. बाराव्या शतकात हेमचंद्र नावाच्या जैन आचार्याने प्राकृत व्याकरण लिहिलं, त्यात नियम दिलाय की ष्मचा म्ह होतो, म्हणून ग्रीष्मचा गिम्ह, ऊष्माचा उम्हा. पुढे अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेत, त्या म्हचा म्भ होऊ शकतो, गिम्हचा गिंभ. आता उम्हाला हाच न्याय लावा, उंभ, आणि तिथून मराठीत महाप्राण, म्हणजे भमधला 'ह', गळून ऊब. आता याच रस्त्याने आणखी कोण आलं माहितीये? श्लेष्मन्! श्लेष्म म्हणजे कफ, त्याचं सेम्ह, सेंभ, आणि मराठीत आल्यावर शेंब, शेंबूड. म्हणजे आईच्या कुशीतली ऊब आणि पोराच्या नाकातला शेंबूड हे भाषेच्या हिशोबात सख्खे चुलत भाऊबहीण आहेत, एकाच ष्मची लेकरं. मी हे कुठल्याही लग्नकार्यात सांगतो आणि लोक ताट घेऊन दुसरीकडे जातात, पण मला याच्यापेक्षा सुंदर व्युत्पत्ती माहीत नाही. आणि एक, 'उबग' याच्यात घुसडू नका, उबग आला म्हणजे ऊब जास्त झाली असं एका लेखात वाचून मी पेपर मिटला होता, उबग उद्वेगावरून आहे, ऊबेचा काही संबंध नाही. खाली कन्नडात बघा, कावु म्हणजे उष्णता आणि कावु देणं म्हणजे अंडी उबवणं, त्यांनीही मूळ ऊबेतच शोधलं. इंग्रजांचा इनक्युबेट मात्र लॅटिनमधल्या अंगावर आडवं पडण्यावरून. आपण गरमी पाहिली, त्यांनी आसन पाहिलं.

बँटमबद्दल ताईंनी विचारलेलं नाही पण सांगतोच. ते कोंबडीच्या एका जातीचं नाव नाही, ठेंगण्या कोंबड्यांचा गट आहे, आणि नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आलंय, तिथे इंग्रजांची आणि डचांची वखार होती, जहाजांवर चढलेल्या छोट्या कोंबड्यांना युरोपियनांनी बंदराचं नाव चिकटवलं. नावाच्या बाबतीत कोंबडीवाले एकंदर बेफिकीरच, कोचीन जातीची कोंबडी चीनमधून गेली, आपल्या कोचीशी तिचं काही नातं नाही, आणि ब्रह्मा कोंबडीचा ब्रह्मदेवाशी नाही, ब्रह्मपुत्रेशी संबंध जोडून ते नाव दिलंय. बुटकी असल्याने तुमची बँटम मोठ्या कोंबडीची पाचसहाच अंडी नीट झाकू शकेल, स्वतःची आठदहा चालतील. हॅचरीवाले एकवीस दिवस सांगतात ते मोठ्या कोंबडीच्या अंड्यांचं, बँटमची अंडी एकोणीस-वीस दिवसांतही फुटतात, तेव्हा लेकीला आधीपासून कान लावायला सांगा, पिल्लं कवच फोडायच्या आधी आतूनच चिवचिवतात.

हं, तर 'अंडी उबली'. पीठ उबतं, दमट पावसाळ्यात तांदूळ उबतो, त्याला उबट वास मारतो. उबणे म्हणजे आतल्या गरमीने, ओलीने खराब होणे. कोंबडी अंडी उबवते, 'व'सकट, आणि पिल्लं आली की 'कोंबडीने सहा पिल्लं काढली' किंवा 'पिल्लं निघाली' म्हणायचं. पिल्लू स्वतः चोचीवरच्या त्या इवल्या टोकाने कवच फोडतं पण मराठी श्रेय आईला देते, त्याला माझी हरकत नाही. बाकीची पिल्लं निघून दोनतीन दिवस झाल्यावरही जी अंडी तशीच पडून राहतील ती मात्र खुशाल 'उबली' म्हणा, आणि काय झालंय बघायला फोडू नका, अंगणाच्या टोकाला खड्डा करून पुरा.