रक्तातील मायक्रो-आरएनए: दोन प्रयोगशाळांचे निकाल का जुळत नाहीत?

प्रश्न: ज्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, त्याचा आजाराशी काय संबंध? आणि रक्तातील मायक्रो-आरएनएची तपासणी दोन ठिकाणी केल्यास निकाल वेगळे का येतात?

उत्तर: मायक्रो-आरएनए हा असाच प्रथिन न बनवणारा आरएनए; तो जेमतेम २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील दुवे) लांबीचा असतो. तो संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएला) चिकटतो आणि प्रथिन बनणे मंदावते. हा लगाम सुटला की आजाराला वाट मिळते. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात (सीएलएल) अनेक रुग्णांच्या १३व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. मिआर-१५ए आणि मिआर-१६-१ या मायक्रो-आरएनएंची जनुके तिथेच असतात. ते गेले की पेशीला मरू न देणारे बीसीएल-२ हे प्रथिन वाढते.

निकालांतला फरक बहुतेक वेळा यंत्रापाशी नव्हे, सुईपाशी सुरू होतो. तांबड्या पेशींत मिआर-४५१ए आणि मिआर-१६ ठासून भरलेले असतात. रक्त काढताना थोड्या पेशी फुटल्या तरी प्लाझ्मातला (पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्तद्रवातला) आकडा वर जातो आणि तो आजाराचा वाटतो. डोळ्यांना लाली दिसेलच असे नाही. म्हणून ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीवर प्लाझ्माचे प्रकाश-शोषण मोजावे, ०.२ च्या वर गेल्यास नमुना बाजूला ठेवावा. मिआर-२३ए आणि मिआर-४५१ए यांच्या सीटी मूल्यांतला (पीसीआर या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीत रेणू कितव्या फेरीला दिसू लागतो, त्या आकड्यांतला) फरक ७ पेक्षा जास्त असेल तरी तीच शंका घ्यावी.

रक्ताची नळी ईडीटीए या गोठणरोधकाची हवी. हेपारिन हे दुसरे गोठणरोधक पीसीआरचे विकर अडवते. प्लाझ्मा शक्यतो दोन तासांत वेगळा करावा आणि सेंट्रिफ्यूज दोनदा फिरवावे, कारण पहिल्या फेरीनंतर उरलेल्या प्लेटलेट गोठवताना फुटतात व त्यांचे मायक्रो-आरएनए मिसळतात. नियंत्रणासाठी, म्हणजे आरएनए नीट वेगळा झाला का हे कळण्यासाठी, कृमीचा कृत्रिम मिआर-३९ घालतात. तो लायसिस बफर (विकरे निष्प्रभ करणारे द्रावण) मिसळल्यानंतरच घालावा. नुसत्या प्लाझ्मात घातला तर तिथली आरएनेझ (आरएनए तोडणारी) विकरे क्षणात त्याचे तुकडे करतात. ही चूक वारंवार होते, आणि मग दोष किटला दिला जातो!

या गोष्टींची नोंद नसलेल्या अहवालावरून कर्करोगाचे निदान करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: यावर औषधे आहेत का?

उत्तर: याच यंत्रणेचा वापर करणारी आहेत. इन्क्लिसिरान हा कृत्रिम लघु आरएनए यकृतात पीसीएसके-९ या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए तोडतो आणि एलडीएल कोलेस्टेरॉल उतरते. मात्रा २८४ मिलिग्रॅम, त्वचेखाली: सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. यकृताबाहेरच्या अवयवांत औषध पोहोचवणे मात्र अजून अवघड आहे.