८८ किलोज्यूल गेले कुठे?

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. कार्बन आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार होण्याची एन्थाल्पी, म्हणजे त्यात बाहेर पडणारी (उणे) किंवा शोषली जाणारी (अधिक) उष्णता, काढायची होती. गणितात कार्बनच्या ज्वलनाची −३९३.५ आणि मिथेनच्या ज्वलनाची −८९०.३ दिली होती. हायड्रोजनपासून पाणी तयार होण्याचा आकडा वहीतून घेतला, −२४१.८ (सगळे किलोज्यूल प्रति मोल). मिथेनचं समीकरण उलटं केलं, चिन्ह बदललं, पाण्याचं दोनने गुणलं. तरी उत्तर +१३.२ येतं. पुस्तकात −७४.८ आहे. चिन्हं पुन्हा पुन्हा तपासली.
– एक विद्यार्थिनी, करवीर तालुका

उत्तर : चिन्हं सोड, ती बरोबर आहेत. दोन्ही उत्तरांतला फरक काढ. ८८. पाण्याचे मोल दोन, म्हणजे मोलामागे ४४. हा आकडा ओळखीचा वाटायला हवा : २५ अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ करायला साधारण एवढीच उष्णता लागते.

वहीतल्या −२४१.८ शेजारी पाण्यापुढे कंसात 'जी' असणार, म्हणजे वाफ. मिथेनचं −८९०.३ मात्र द्रव पाण्याचं, 'एल'चं. बेरीज करताना तू डावीकडचं पाणी आणि उजवीकडची वाफ एकमेकांवर काट मारून मोकळी झालीस. ती कटतच नाहीत! त्यामुळे तुझं +१३.२ खरं आहे, फक्त भलत्याच अभिक्रियेचं : मिथेनही तयार करा आणि वर दोन मोल पाण्याची वाफही करा.

आता द्रव पाण्याचा −२८५.८ घे. −३९३.५ − ५७१.६ + ८९०.३, झाले −७४.८. वाफच ठेवायची असेल तर मिथेनचा आकडाही वाफेचा घे, −८०२.३. −३९३.५ − ४८३.६ + ८०२.३. पुन्हा −७४.८. ही दोन्ही गणितं एकदा हाताने करच. सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाट कुठलीही धरा, एकूण उष्णता तेवढीच, हे रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० साली मांडलं ते तुला वहीत दिसेल. 'उलटं केलं की चिन्ह बदला' एवढंच घोकून ते दिसत नाही.

घरी किंवा शेजारी गोबरगॅस असेल तर पेटत्या शेगडीवर गार पाण्याचं पातेलं ठेव आणि लगेच बुडाकडे बघ. क्षणभर दव धरतं. गोबरगॅसमधला जळणारा भाग मुख्यतः मिथेनच, आणि ते दव म्हणजे त्याच्या ज्वलनातलं पाणी. पातेलं तापलं की पाणी वाफ होऊन निघून जातं, म्हणून स्वयंपाकाला मोलामागे ८९० नव्हे, फार तर ८०२ च मिळतात.

हा द्राविडी प्राणायाम कशाला, थेट मोजावं की? कार्बन आणि हायड्रोजन कॅलरीमापीत (उष्णता मोजायच्या उपकरणात) कोंडले म्हणून निमूटपणे नुसता मिथेन देत नाहीत. जाळायला मात्र तिन्ही पदार्थ सोपे.

जाता जाता, कार्बनपुढचा कंसही वाचत जा. तिथे ग्राफाइटऐवजी हिरा असला तर आकडा १.९ ने सरकतो. पेपरात हिरे फारसे जाळत नाहीत म्हणा, पण सीईटीवाल्यांचा भरवसा नाही.