ती पानं आधी त्याला परत द्या

पत्र (थोडं आटोपशीर करून) :

‘ताई, आमचा मुलगा सहावीपासून घरीच शिकतो. आता साडेपंधरा वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी शालान्त परीक्षा बाहेरून द्यायची आहे. नोकरी सोडून मी त्याला पूर्ण वेळ शिकवते. वेळापत्रक, तपासणी, चाचण्या सगळं मीच बघते. घरच्या चाचण्यांत त्याला नव्वदच्या खाली कधी पडले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका शिक्षिकेने जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घेतली, तर गणितात ३८. मला धक्का बसला. नंतर लक्षात आलं, तो बघून लिहीत होता. (पुस्तकामागची उत्तरांची पानं मी आता ब्लेडने कापून कपाटात कुलपात ठेवली आहेत.) तो सकाळी दहाशिवाय उठत नाही, विचारलं तर नीट बोलत नाही. हे म्हणतात, पुरे झालं, शेवटची दोन वर्षं शाळेत घाला. मी इतकं करूनही हे असं का व्हावं? काय करू?’

बाई, तुमच्या पत्राची तीन पानं मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा त्या कंसाशी अडले. ब्लेडने कापून. कुलपात.

नुसतं पुस्तक काढून घेतलं असतं तर रागाच्या भरात झालं असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही ब्लेड आणलंत, पानं मोजलीत, शिवण उसवणार नाही अशा बेताने कापलीत आणि किल्ली स्वतःकडे ठेवलीत. त्यानंतर तो मुलगा रोज तेच पुस्तक उघडतो. मागे हात गेला की कापलेल्या कडा लागतात. तो नीट बोलत नाही, अशी तुमची तक्रार आहे. काय बोलावं त्याने?

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून स्पष्टच विचारते. चाळीस मुलांच्या वर्गात मूल बघून लिहितं ते शेजाऱ्याच्या पुढे जायला, नंबर काढायला, नाहीतर मार खाण्यातून वाचायला. तुमच्या वर्गात विद्यार्थी एकच. पहिला तोच, शेवटचाही तोच. मग तो फसवत कोणाला होता? तुम्हाला. का? कारण गणित चुकलं की ज्या चेहऱ्यावर निराशा दिसते, तोच चेहरा त्याला तासाभराने जेवायला वाढतो. शाळेतल्या मुलाला बाईंपासून सुटायला घर असतं आणि घरच्यांपासून सुटायला शाळा. याच्याकडे दोन्ही नाही. आई, शिक्षक, परीक्षक आणि पहारेकरी अशा चारही खुर्च्यांवर तुम्हीच बसला आहात. नव्वद गुणांची गरज त्याला नव्हती. ते नव्वद तो तुमच्यासाठी आणत होता.

‘मी इतकं करूनही’ असं तुम्ही लिहिलंत. त्या ‘इतकं’मुळेच हे झालंय. नोकरी सोडल्याचं ओझं कोणी त्याला बोलून दाखवलं नसेलही, पण साडेपंधरा वर्षांच्या मुलाला तेवढा हिशेब येतो.

एकच करा. आज संध्याकाळी ती पानं आणि डिंकाची बाटली त्याच्या हातात द्या. चिकटवायची त्यानेच. सोबत भाषण नको. ‘यापुढे तुझं तू तपासायचं’ एवढं एकच वाक्य बोला आणि खोलीतून बाहेर या. लाल पेनही त्याच्याकडेच जाईल. घरच्या कामावर गुण देणं आजपासून बंद. तसेही आईने दिलेले गुण घराबाहेर कोणी विचारात घेत नाही, म्हणून तर बाहेरची परीक्षा द्यावी लागते.

त्याने फक्त एक चुकांची वही ठेवायची. जे उदाहरण चुकलं त्याचा क्रमांक आणि समोर एका ओळीत कारण : चिन्ह हुकलं, प्रश्न नीट वाचला नाही, मुळात समजलंच नाही. आठवड्यातून एकदा ती वही तुम्ही बघायची, बाकी काही नाही. आणि वही भरलेली दिसली तर कपाळाला हात लावायचा नाही. रिकामी वही ही काळजीची गोष्ट, भरलेली नव्हे.

‘तो पुन्हा बघून लिहील!’ लिहील. सुरुवातीचे पंधरा दिवस नक्की लिहील. लिहू द्या. नुसतं शेवटचं उत्तर उतरवण्यात काही हशील नाही हे खरं, पण पायरी पायरीने सोडवलेलं उदाहरण वाचणं ही चोरी नाही. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ साली बीजगणितावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विषयात नवख्या असलेल्या मुलांनी सगळी उदाहरणं स्वतःच्या बळावर सोडवण्यापेक्षा मधूनमधून सोडवलेली उदाहरणं अभ्यासली, तर तशाच प्रकारची पुढची उदाहरणं त्यांना लवकर आणि कमी चुका करत जमली. तेव्हा उत्तरांबरोबर पूर्ण रीतही त्याच्याजवळ असू द्या. एक उदाहरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, तसलंच दुसरं सोडवायचं आणि मग मागचं पान उघडायचं.

हे पुस्तक मिटणं महत्त्वाचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. त्या आठवून लिहिण्याला कोणी गुण देत नव्हतं, हे ध्यानात घ्या. तुमच्या घरी मात्र प्रत्येक चाचणी म्हणजे निकालाचा दिवस झाली आहे. मग त्या चाचणीतून शिकणार कसं?

खरी परीक्षा दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. ३८ देणाऱ्या त्या शिक्षिकेचे पाय धरा. दीड-दोन महिन्यांतून एकदा जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, त्यांच्या घरी. पेपर तपासून त्या आधी मुलाला देतील, तुम्हाला नाही. दाखवायचा की नाही ते त्याचं तो ठरवेल. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल, मला माहीत आहे.

एक जुनी गोष्ट सांगते. नववीच्या एका मुलीचं गाईड मी भर वर्गात जप्त केलं होतं. वर्षअखेरीस परत देताना सहज चाळलं, तर प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलीने बरोबर-चूक अशी खूण. ती आधी सोडवत होती आणि मग ताडून बघत होती. वर्गात तेवढी एकच मुलगी नीट अभ्यास करत होती आणि मी तिचंच पुस्तक सात महिने कपाटात ठेवलं. तुमचा मुलगा तसा आहे असं मी म्हणत नाही. पण कुलूप लावणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, एवढं मी तेव्हा शिकले.

आता राहिलेलं. दहाला उठणं : या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागतेच. घरी शिकण्याचा एवढा एक उघड फायदा, तोही तुम्ही भांडणात घालवताय. गणित दुपारी ठेवा.

शाळेत घालायचं का? आत्ता नको. आत्ता घातलंत तर ती शिक्षा म्हणून होईल, आणि कापलेल्या पानांचं पुस्तक घेऊनच तो तिथे जाईल. सहा महिन्यांनी त्याने स्वतः मागितली तर त्याच दिवशी घाला. तुमच्या ह्यांना तोवर एवढंच सांगा की तारखा बघायचं काम मुलाकडे दिलंय. कारण बाहेरून बसणाऱ्यांचे अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधी बंद होतात, आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षार्थी घेणारं केंद्र शोधावं लागतं. काही ठिकाणी प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपर चालतो, केंब्रिजच्या आयजीसीएसईत (दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत) तशी सोय आहे. तुमच्या परीक्षेत काय आहे ते त्याने फोन करून विचारावं. अर्ज त्याने भरावा. अडला तर तुम्ही शेजारी बसा, पेन मात्र हातात घेऊ नका.

तो बघून लिहितो हे कसं कळलं, तेही तुम्ही एका ओळीत उरकलंय. पुस्तकात एका उत्तराचं उणे चिन्ह छापायचं राहून गेलं होतं आणि त्याच्या वहीतही ते नव्हतं. पानं चिकटवून झाली की ते उदाहरण त्याला पुन्हा सोडवू द्या. उणे उत्तर आलं, तर छापील पानावर ते चिन्ह त्याच्याच हाताने घालू द्या.