हर्णैचे फोटो परत आले तर

हर्णै बंदरातल्या मासळी लिलावाचे तुझे दहाही फोटो शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटने नाकारले म्हणून खचू नकोस, चित्रं जिवंत आहेत. पण प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून बघ. संध्याकाळी तू आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर नेलास, म्हणून सावलीत दाणे आलेत, आणि फोकस मासळीवाल्या मावशींच्या डोळ्यांऐवजी टोपलीवर बसलाय. आपल्या दमट हवेत लेन्सवर बाष्पही धरतं. एसीतून बाहेर पडलास की कॅमेरा थोडा वेळ बंद पिशवीतच राहू दे.

चेहरा ओळखू येत असेल, तर व्यावसायिक, म्हणजे जाहिरातीसारख्या वापरासाठी त्या व्यक्तीच्या सहीचं संमतीपत्र लागतंच. मावशींना फोटो कुठे जाणार, कशाला वापरला जाईल ते नीट समजावून सांग, मगच सही माग. घाईत घेतलेली सही मला पटत नाही. सही मिळाली नाही तर संपादकीय, म्हणजे बातम्या-लेखांसाठीच्या विभागात पाठव. तिथे आईसबॉक्सवरचं कंपनीचं चिन्हही चालतं. मात्र अशा फोटोतलं काही पुसायचं नाही, आणि कॅप्शनमध्ये ठिकाण, तारीख हवीच.

एकाच होडीचे दहा फोटो नकोत, दोन निवड. शटरस्टॉकला किमान ४ मेगापिक्सेल लागतात, तेव्हा फोटोच्या कडा कापताना सांभाळ.