खिशातला प्लेअर घरी जोडताना : सुटे भाग कोठून आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत?

प्रश्न (ऐरोलीहून एक वाचक) : वडिलांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली कीर्तने आणि नाट्यपदे ऐकण्यासाठी, मोबाइलला पर्याय म्हणून, खिशात मावेल असा प्लेअर मला स्वतः जोडायचा आहे. जमल्यास त्यावर लहानसे व्हिडिओही दिसावेत, अशी इच्छा आहे. सोल्डरिंगची सवय आहे. परंतु कोणता भाग आधी घ्यावा, आणि त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जावे की सर्व काही ऑनलाइन मागवावे, हे ठरत नाही.

उत्तर : बहुतेक जण आधी बोर्ड, म्हणजे प्लेअर चालवणारे मुख्य सर्किट, घेतात आणि मग उरलेले सारे त्याच्याभोवती बसवण्याची खटपट करतात. तुम्ही दुसऱ्या टोकाने सुरुवात करावी, असे मी सुचवेन. बोर्ड ही या खरेदीतली सर्वांत सोपी वस्तू आहे, कारण त्याचे माप, जोडणी आणि विजेची गरज छापील स्वरूपात उपलब्ध असते. माणूस अडतो तो बॅटरी, हेडफोनचा सॉकेट, बटणे आणि डबी या चार वस्तूंची मापे एकमेकांशी जुळवताना.

म्हणून आधी डबी आणि बॅटरी निश्चित करा. चपट्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर छापलेला सहा आकडी क्रमांक हेच तिचे माप असते : ५०३४५० म्हणजे जाडी ५ मिलिमीटर, रुंदी ३४ आणि लांबी ५०, १०३४५० म्हणजे तेवढीच लांबी-रुंदी, पण जाडी १० मिलिमीटर. पहिलीची क्षमता साधारण १००० मिलिअँपिअर-तास आणि दुसरीची १८००च्या आसपास असते. याच मापावर कोणी ४००० लिहून विकत असेल, तर ती बॅटरी घेऊ नये. गोल १८६५० सेलच्या बाबतीत तर हा प्रकार फारच बोकाळलेला आहे. चांगल्या कंपनीच्या सेलचीही क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंतच जाते, आणि तरीही ९९०० असा छाप असलेले सेल सर्रास विकले जातात. असा सेल हातात घेतला तरी शंका येते, कारण अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान असते आणि नकली सेल बरेचदा लक्षात येण्याइतका हलका लागतो. बॅटरीवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, तेही पाहावे. इतर सर्व भागांत काटकसर चालते, बॅटरीत चालत नाही. ही वस्तू तुम्ही दिवसभर अंगाजवळ बाळगणार आहात.

आता हिशेब. बोर्ड, डॅक (डिजिटल फाइलचे आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) आणि पडदा मिळून ५ व्होल्टला सरासरी २५० मिलिअँपिअर घेतात असे धरले, तर लागणारी शक्ती सव्वा वॉट झाली. ३.७ व्होल्टची १८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण ६.७ वॉट-तास देते. त्यातले १५ टक्के व्होल्टेज वाढवणाऱ्या मॉड्यूलमध्ये खर्च झाले, तरी साडेचार तास मिळतात. ऐरोलीहून ग्रँट रोडला जाऊन येण्यास ते पुरेसे आहेत.

बोर्ड कोणते घ्यावे, हे व्हिडिओ हवा की नको यावर अवलंबून आहे. केवळ गाणी ऐकायची असतील, तर डीएफ प्लेअर मिनी हे पोस्टाच्या तिकिटाएवढे मॉड्यूल ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावरून एमपी३ वाजवते आणि त्याला वेगळ्या संगणकाची गरजच नसते. तुमच्या कामाला मात्र ते गैरसोयीचे ठरेल, कारण त्यात फाइलच्या मधोमध उडी मारण्याची सोय नाही. सव्वा तासाचे कीर्तन निरूपणाच्या ऐन रंगात बंद करावे लागले, तर पुढच्या वेळी पुन्हा नमनापासून सुरुवात! त्यामुळे, आणि व्हिडिओची इच्छा असल्यामुळेही, २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड घ्यावा. त्याचे माप ६५ × ३० मिलिमीटर असून एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ तो मुख्य प्रोसेसरवर ताण न देता उलगडतो. मर्यादा येते ती स्वस्त पडद्याची. ३२० × २४० बिंदूंच्या एसपीआय (मोजक्या तारांतून एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १२.३ लाख बिट पाठवावे लागतात. ३२ मेगाहर्ट्झच्या वेगाने सेकंदाला जास्तीत जास्त २६ चित्रे जातात, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. नाट्यप्रवेश पाहण्यास तेवढे चालते, क्रिकेट पाहण्यास चालणार नाही.

या बोर्डाला हेडफोनचा सॉकेट नाही, हे ध्यानात ठेवूनच आवाजाचा भाग निवडावा लागतो. डब्ल्यूएम ८९६० या आयसीवरचे तयार बोर्ड घेतल्यास डॅक आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर एकत्रच मिळतात. जागा आणि जोडणी दोन्ही वाचतात. दुकानात नुसता ‘छोटा ॲम्प्लिफायर’ मागितलात, तर बहुधा पीएएम ८४०३ हातात येईल. ते स्पीकरसाठी उत्तम आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे ऋण टोक वेगळे असते आणि हेडफोनमध्ये ते एकच असते, म्हणून ते हेडफोनला जोडू नये.

राहिला खरेदीच्या जागेचा प्रश्न. बोर्ड, डॅक आणि पडदा ऑनलाइनच मागवावेत. भारतातल्या भारतात, पुण्यासारख्या ठिकाणाहून माल पाठवणारे विक्रेते आहेत, त्यामुळे बिल मिळते आणि परदेशी पार्सलच्या जकातीची कटकट राहत नाही. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, मात्र सॉकेट, बटणे, स्लाइड स्विच, बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), झिरो पीसीबी (भोके असलेली कोरी सर्किटपट्टी), हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून तारेवर बसणारी नळी) आणि प्लास्टिकची डबी यांसाठी जरूर जावे, कारण या वस्तू छायाचित्रावरून कळत नाहीत. सॉकेटचे पाय झिरो पीसीबीच्या भोकांत बसतात का, बटण दाबले की ‘टक’ असा स्पष्ट प्रतिसाद येतो का, हे हातानेच पाहावे लागते. ठाण्याला गाडी बदलून दादर, तेथून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोड, आणि पूर्वेला उतरून थोडे चालणे, असा प्रवास आहे. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. बॅटरी आणि बोर्डाची मापे कापलेला पुठ्ठा बरोबर न्यावा, म्हणजे डबी तेथेच पडताळता येईल. पत्र्याची कंपासपेटी डबी म्हणून मोहात पाडते आणि दिसतेही छान. पण धातूच्या पेटीतून ब्लूटूथ आणि वायफाय नीट बाहेर पडत नाहीत.

चार्जिंगसाठी टीपी ४०५६ हे मॉड्यूल सर्वत्र मिळते. घेताना बॅटरीच्या संरक्षणाची आयसी असलेलाच प्रकार मागावा. ते मूळ स्थितीत १ अँपिअरने चार्ज करते. तुमच्या १८०० क्षमतेला ते चालेल, पण ५०० क्षमतेची बॅटरी घेतल्यास प्रवाह ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४ किलोओहमचा लावावा, म्हणजे प्रवाह ३०० मिलिअँपिअरवर येतो. प्लेअर चालू ठेवून चार्ज करण्यासाठी हे मॉड्यूल घडवलेले नाही, म्हणून चार्जिंगला लावताना प्लेअर बंद ठेवावा.

आणखी एक, माझ्या स्वतःच्या नुकसानीतून शिकलेले : बॅटरीच्या पांढऱ्या जेएसटी कनेक्टरमध्ये धन आणि ऋण कोणत्या बाजूला असावे, याबाबत विक्रेत्यांमध्ये एकवाक्यता नाही. कनेक्टर नीट बसला, तारा लाल-काळ्या होत्या, आणि तरीही माझे मॉड्यूल क्षणात जळाले. आता मल्टिमीटर लावल्याशिवाय मी बॅटरी जोडत नाही.

प्रश्न (ठाण्यातील नौपाड्याहून) : पीसीएम ५१०२ या डॅकचे जांभळे बोर्ड झिरो २ डब्ल्यूला जोडले आहे. ते ओळखले जाते, गाणे चालू असल्याचेही दिसते, पण हेडफोनमध्ये आवाज येत नाही. बोर्ड सदोष मिळाले असावे का?

उत्तर : तसे वाटत नाही. या बोर्डाच्या मागील बाजूस सोल्डरने जोडायच्या चार जागा असतात. पहिली, दुसरी आणि चौथी ‘एल’कडे, तर तिसरी ‘एच’कडे जोडलेली हवी, तिसरी जोडणी राहून गेली, तर आयसी मूक अवस्थेतच राहते. पुढील बाजूची ‘एससीके’ची जागाही सोल्डरने ग्राउंडला (ऋण टोकाला) जोडावी. त्यानंतर तिन्ही तारा पाहाव्यात : बीसीके बाराव्या पिनवर, एलसीके पस्तिसाव्या आणि डीआयएन चाळिसाव्या पिनवर. एवढे करून आवाज आला, तरी तो आधी घरच्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटमध्ये ऐकावा, कारण ही आयसी किमान १ किलोओहमच्या भारासाठी आहे आणि हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात. हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर लागेलच.

प्रश्न (खारघरहून) : जुन्या मोबाइलची बॅटरी अशा प्लेअरला वापरता येईल का? ती किंचित फुगलेली आहे, पण चार्ज धरते.

उत्तर : न फुगलेली, सुटी निघणारी जुनी बॅटरी प्रयोगापुरती वापरता येते, तिचे धन आणि ऋण टोक मल्टिमीटरने शोधावे आणि तिच्यावर थेट सोल्डर करू नये. तुमची मात्र फुगलेली आहे, म्हणून ती आजच बाजूला काढा. तिला चार्ज करू नका, टोचू नका, घंटागाडीतही टाकू नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.