शेजारच्या साइटवरचे कामगार बेल्टशिवाय वर चढतात. त्यांना सुरक्षेची आणि हक्कांची माहिती द्यायची तर सुरुवात कुठून करावी?

घणसोलीत तुमच्या सोसायटीसमोर टॉवर उभा राहतोय आणि चार तरुण मंडळींना घेऊन काही करावं असं तुम्हाला वाटतंय. जरूर करा. नवी मुंबईत मजूर रोजगारासाठी थांबतात त्या नाक्यांवर आणि लेबर कॅम्पांत मी बरीच वर्षं हे काम करते. माझं सांगणं एवढंच: हेल्मेटपासून नको, हजेरीपासून सुरुवात करा.

वरून पडलं की काय होतं हे त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पुष्कळ ठिकाणी बेल्ट अंगावर असतो, पण हूक अडकवायला दोरच बांधलेला नसतो. मग तो परांचीच्याच, म्हणजे उभं राहायला बांधलेल्या सांगाड्याच्याच, बांबूला अडकवतात. परांची गेली की माणूसही गेला. दोर बांधणं, डकला (इमारतीतल्या उभ्या पोकळीला) जाळी लावणं ही जबाबदारी ठेकेदाराची आणि बिल्डरची. सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यात बाळकुमला 40 मजली इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले. गच्चीवरचं काम उरकून ते खाली येत होते. त्यांना हेल्मेटवर कितीही भाषणं दिली असती तरी काय उपयोग होता?

'दोर बांधा, मग चढतो' असं म्हणायला बळ लागतं. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्याच्यात ते कुठून येणार? म्हणून आम्ही आधी खिशातली डायरी देतो. तारीख, साइट, मुकादमाचं नाव आणि नंबर, ठरलेला रोज, घेतलेली खर्ची, म्हणजे मजुरीपैकी खर्चाला मिळालेली उचल. लिहिता येत नसेल तर गेटवरच्या बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, त्यावर बिल्डरचं नाव आणि महारेरा नंबर असतो. मजुरी अडकली किंवा अपघात झाला, की 'हा आमच्याकडे नव्हताच' हे पहिलं वाक्य ऐकू येतं. तिथे ही डायरी बोलते.

भरपाईचा कायदा त्यांना नीट सांगा. मुकादमाने फोन बंद केला तरी बिल्डर सुटत नाही, मूळ मालक म्हणून त्याच्याकडे दावा लावता येतो. 'दारू प्यायला होता', 'बेल्ट त्यानेच काढला' असं सांगून घरच्यांना परत पाठवतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या कारणांनी भरपाई नाकारता येत नाही. हे एवढं कळलं तरी एखादं कुटुंब रिकाम्या हाताने गावी जायचं वाचतं.

मग बांधकाम कामगारांसाठीच्या सरकारी कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वय 18 ते 60, मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम, शुल्क 1 रुपया. एजंट त्यासाठी शेकड्यांनी पैसे उकळतात, ते थांबवलंत तरी मोठं काम झालं. 90 दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार टाळतो, तो महापालिकेकडूनही मिळतो. नोंदणी असेल आणि कामावर मृत्यू आला तर मंडळाकडून वारसांना 5 लाख मिळतात, पण नाक्यावर बायका थांबून ऐकतात त्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. बायकांशी वेगळं बोला. जोडीने काम असलं की पैसे नवऱ्याच्या हातात पडतात आणि हजेरीत तिचं नावच नसतं. दिवसभर विटा ती वाहते आणि दाखला मात्र तिला मिळत नाही. याचा मला फार राग येतो.

सकाळी नाक्यावर जाऊ नका, ती रोजगार मिळायची वेळ असते. संध्याकाळी कॅम्पात जा, खर्ची वाटपाच्या दिवशी सगळे भेटतात. बंगालमधल्या मालदा किंवा कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची माणसं असतील तर त्यांच्या भाषेत बोलायला त्यांच्यातलाच एखादा घ्या.

बेल्ट नसलेल्या माणसाचा चेहरा दिसेल असा फोटो ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी त्याचंच काम जातं. तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर करा, महापालिकेच्या नगररचना विभागात आणि कामगार खात्याच्या ठाणे शहरातल्या कार्यालयात. दोन्हीकडून पोच घ्या.